मोठा कॅमेरा, छोटा कॅमेरा आणि शांती नगरचा रस्ता

मीरा रोडच्या शांती नगरात संध्याकाळची गर्दी उसळलेली असताना कोणी लांबलचक लेन्सचा काळा कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहिला, तर थोड्याच वेळात कोणीतरी जवळ येऊन विचारतं, “कौनसे चॅनल से हो?” मराठी माणूस असेल तर विचारतो, “कसलं शूटिंग चाललंय?” भाजीवाली पदर सावरते, नाहीतर तोंड फिरवते. पोरं धावत येऊन ओळीनं उभी राहतात. हातगाडीवाला मात्र आधी रस्त्याच्या टोकाकडे बघतो, पालिकेची गाडी मागून येत नाही ना, याची खात्री करून घ्यायला. त्याच जागी त्याच कॅमेरावाल्यानं खिशातून मोबाइल काढून तेच दृश्य टिपलं, तर बहुतेक वेळा कोणी मानही वर करत नाही.

रस्त्यावरचं छायाचित्रण, म्हणजे ज्याला सगळे स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात, ते करणाऱ्या प्रत्येकाला हा फरक ठाऊक असतो. अनोळखी माणसाचा, त्याला न सजवता, न बसवता, तो जसा आहे तसा फोटो काढायचा, हे या प्रकाराचं सूत्र. त्यामुळे समोरचा माणूस कॅमेरा बघून कसा वागतो, यावर पुढचं सगळं ठरतं. आणि तो कसा वागेल, हे पहिल्या काही क्षणांत तरी कॅमेऱ्याच्या आकारावर बरंच अवलंबून असतं.

शांती नगर ही वस्ती या दृष्टीनं पाहण्यासारखी आहे. शांतीस्टार बिल्डर्सनी वसवलेल्या या भागात सेक्टरांच्या बुटक्या इमारती, तळमजल्यावर दुकानांचे गाळे आणि गाळ्यांसमोर पथारी मांडून बसलेले विक्रेते अशी दाटी आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे आलेली गुजराती, मारवाडी, मराठी, उत्तर भारतीय अशी सगळ्या भाषांची कुटुंबं इथं एकमेकांना खेटून राहतात. अशा ठिकाणी रस्ता हा घराचाच पुढचा भाग होतो. लोक तिथं भाजी घेतात, भांडतात, मुलांना फिरवतात. त्यामुळे रस्त्यावर रोखलेला कॅमेरा आपल्या अंगणात रोखलेला आहे असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण मोठा कॅमेरा दिसल्यावर प्रत्येकाला एकच शंका येत नाही. मीरा रोड-काशीमिरा पट्ट्यात मालिकांची चित्रीकरणं होतात, मालिकांत काम करणारी आणि काम शोधणारी मंडळी इथं भाड्यानं राहतात, म्हणून कोणाला तो शूटिंगचा वाटतो. कोणाला तो बातमीचा वाटतो: गटार तुंबलंय, पाणी आलेलं नाही, त्याची बातमी करायला आले असतील. फेरीवाल्याच्या मनात पालिकेचा अतिक्रमण विभाग येतो. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा पथविक्रेता कायदा २०१४ साली झाला, तरी जागेचा प्रश्न रोजचाच आहे. ज्याचं पोट रस्त्यावरच्या चार फूट जागेवर अवलंबून आहे, त्याला आपला फोटो हा आपल्याविरुद्धचा पुरावा वाटू शकतो. त्याचं तोंड फिरवणं हा उद्धटपणा समजणाऱ्या फोटोग्राफरनं त्याच्या जागी क्षणभर उभं राहून पाहावं.

म्हणजे समोरचा माणूस कॅमेऱ्याच्या आकारावरून एक अंदाज बांधतो: हा कोण आहे, कोणासाठी काढतोय आणि हा फोटो जाणार कुठं? मोठा कॅमेरा म्हणजे यामागे कोणीतरी संस्था आहे, पैसा आहे, सत्ता आहे, असा अर्थ लावला जातो. लहान कॅमेरा म्हणजे हौस. मोबाइल म्हणजे सगळेच. हा अंदाज नेहमी खरा नसतो. तरी फोटोग्राफरला वागावं लागतं ते त्या अंदाजाशी.

कॅमेऱ्याचा आकार आणि रस्ता यांचं नातं मुंबईत फार जुनं आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण हे आणखी एक. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई, काळं कापड आणि ओल्या काचा. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असेपर्यंत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्यानं हलायचं नाही. एवढा पसारा भर बाजारात मांडला तर बाजारच थांबून बघायला लागणार, मग बाजाराचा फोटो कसला?

विल्यम जॉन्सन या छायाचित्रकारानं यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांवरचं त्याचं छायाचित्रांचं पुस्तक १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत निघालं. त्यात माणसं मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांपुढे, समुद्रकाठी उभी दिसतात. प्रत्यक्षात त्या माणसांचे फोटो वेगळे काढलेले आहेत आणि शहराची पार्श्वभूमी मागाहून जोडलेली आहे. कॅमेरा रस्त्यावर नेऊन माणूस सहजपणे टिपता येत नव्हता, म्हणून रस्ताच माणसाच्या मागे आणून चिकटवला.

ही अडचण सुटायला साठ वर्षं लागली. ओस्कार बार्नाक या जर्मन तंत्रज्ञानं सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तयार केला आणि १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो ‘लायका’ या नावानं बाजारात आला. कोटाच्या खिशात मावणारा, एका भरणीत ३६ फोटो देणारा हा कॅमेरा फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ च्या सुमारास घेतला आणि पुढं जन्मभर वापरला. कॅमेऱ्याचे चकचकीत भाग दिसू नयेत म्हणून ते त्यावर काळी पट्टी चिकटवत. कॅमेरा आधीच लहान, तरी तो आणखी नजरेआड व्हावा, ही धडपड. हेच कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात होते. ३० जानेवारी १९४८ रोजी हत्येच्या काही वेळ आधी गांधीजींना भेटलेल्यांत ते होते आणि अंत्ययात्रेच्या गर्दीतले त्यांचे फोटो जगभर पोचले.

मात्र आकार म्हणजे फक्त वजन आणि लांबीरुंदी असं धरलं तर अर्धीच गोष्ट कळते. आरसा असलेला कॅमेरा, म्हणजे एसएलआर, डोळ्याला लावला की फोटोग्राफरचा जवळजवळ सगळा चेहरा झाकला जातो. समोरच्याला दिसते ती काच आणि तिच्यामागे हात. चेहरा न दिसणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील? लायकासारख्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी डाव्या कोपऱ्यात असते. उजवा डोळा तिला लावला तरी डावा डोळा आणि बराचसा चेहरा उघडा राहतो. हसलं तर हसू दिसतं.

आणखी वेगळा प्रकार रोलीफ्लेक्सचा. दोन लेन्सचा हा कॅमेरा १९२९ साली आला. तो काही चिमुकला नाही, चांगला हातात भरतो. पण तो पोटाशी धरून वरून मान खाली घालून त्यात बघावं लागतं. फोटोग्राफर समोरच्यावर काही रोखत नाही, त्याच्यापुढं वाकतो. अमेरिकेतली व्हिव्हियन मायर मुलं सांभाळण्याचं काम करता करता हाच कॅमेरा घेऊन शिकागोच्या रस्त्यांवर फिरली, आणि तिच्या फोटोंतले अनोळखी लोक किती तरी वेळा थेट, शांतपणे बघत असतात. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी लग्नाकार्यांत याच पद्धतीचे याशिका वर्षानुवर्षं वापरले. त्या कॅमेऱ्यापुढं कोणी बिचकलेलं जुन्या अल्बमांत क्वचितच दिसतं.

आवाजही आकाराचाच भाग धरावा. आरसा वर उचलला जाऊन खाली आपटताना होणारा ‘खटॅक’ शांत जागी दहा पावलांवर ऐकू जातो. २००८ साली पॅनासॉनिकनं आरसा नसलेला पहिला मिररलेस कॅमेरा आणला, त्यानंतर हा आवाज हळूहळू गेला. कॅमेरे आखडले. पण लेन्स फारशा आखडल्या नाहीत, कारण लांबचं ओढून आणायचं आणि प्रकाशही भरपूर घ्यायचा तर काच मोठीच लागते. कॅननची ७०-२०० मिलिमीटरची पांढरी लेन्स एकटीच सुमारे दीड किलोची. तिचा पांढरा रंग उन्हात काच तापू नये म्हणून असतो, पण रस्त्यावर तोच रंग सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो. याउलट रिको जीआर-३ हा खिशातला कॅमेरा बॅटरीसकट २५७ ग्रॅमचा. जपानचे ज्येष्ठ छायाचित्रकार दाइदो मोरियामा याच जातीचे छोटे रिको हातात घेऊन टोकियोच्या गल्ल्या पालथ्या घालत आले.

आता अंतराचा हिशेब करून पाहू. २८ मिलिमीटरच्या लेन्सनं उभ्या माणसाचा पूर्ण फोटो चौकटीत भरून घ्यायचा तर त्याच्यापासून साधारण दीड मीटरवर यावं लागतं. २०० मिलिमीटरनं तोच फोटो नऊ-दहा मीटरवरून निघतो. शांती नगरच्या रस्त्यावर नऊ मीटर म्हणजे समोरचा फुटपाथ. तिथून आपला फोटो कोणी काढतोय हे उशिरा लक्षात आलं, तर ते चोरून पाहिल्यासारखं वाटतं. दीड मीटरवर आलेला माणूस मात्र आपल्यात येऊन उभा राहिलेला असतो; त्याला ‘काय हो?’ म्हणता येतं. लहान कॅमेऱ्याचा खरा फायदा इथं आहे. तो न दिसण्यात आहे असं अनेक नवशिके समजतात, आणि तिथंच त्यांची वाट चुकते.

कारण मोठा कॅमेरा अडतो आणि लहान खपून जातो, हा नियम मोडणारी दोन मोठी उदाहरणं मुंबईतच आहेत.

पहिलं होमाई व्यारावाला यांचं. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या होमाईंचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या गेल्या. १९४२ मध्ये दिल्लीला जाण्यापूर्वी त्यांनी मुंबईचं रोजचं जगणं टिपलं. पुढं वृत्तछायाचित्रणात त्यांच्या हाती स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेराही होता. आजच्या हिशेबानं त्यांना सगळ्यात जास्त अडवणूक व्हायला हवी होती. घडलं उलटं. साडी नेसलेली बाई कॅमेरा घेऊन फिरतेय हे लोकांना इतकं नवलाचं वाटे की ही काहीतरी मिरवतेय असं समजून कोणी त्यांना गंभीरपणे घेतच नसे. या दुर्लक्षाचा आपल्याला फायदाच झाला, नाजूक जागीही कोणी अडवलं नाही, असं त्यांनी पुढं मुलाखतीत सांगितलं. कॅमेरा भलाथोरला होता, पण तो ज्या हातांत होता त्या हातांकडून कोणाला धोका वाटत नव्हता.

दुसरं उदाहरण नेमकं याच्या उलट. अमेरिकेच्या मेरी एलन मार्क १९६८ साली पहिल्यांदा मुंबईच्या फॉकलंड रोडवर, म्हणजे आजच्या पठ्ठे बापूराव मार्गावर, तिथल्या वेश्यांचे फोटो काढायला गेल्या. हाताळायला सोपे ३५ मिलिमीटरचे कॅमेरे वापरणाऱ्या या बाई. तरी त्यांच्या अंगावर कचरा आणि पाणी फेकलं गेलं, भोवती पुरुषांचा घोळका जमला. पुढची दहा वर्षं दर भेटीत हेच घडत राहिलं. १९७८ मध्ये त्या पुन्हा आल्या आणि या वेळी रोज तिथं जाऊन नुसत्या उभ्या राहू लागल्या. आधी उत्सुकता, मग ओळख, मग एकेका घरात चहा, असं करत दारं उघडली. त्यातून १९८१ साली त्यांचं ‘फॉकलंड रोड’ हे पुस्तक आलं. त्यांना दार उघडून दिलं ते रोजच्या हजेरीनं. कॅमेरा लहान असल्याचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नव्हता. ते फोटो काढावेत की नाही, यावर आजही वाद होतो आणि तो व्हायलाच हवा.

आपल्याकडचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तमाशाच्या फडांसोबत फिरून ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक करणारे संदेश भंडारे यांचंही काम असंच सहवासातून झालेलं. अशा कामात काही दिवसांनी कॅमेरा केवढा आहे याकडे कोणाचं लक्षच राहत नाही. शांती नगरातही रोज त्याच वेळी त्याच रस्त्यानं जाणारा माणूस आठवड्याभरात ‘तो फोटोवाला’ होतो.

सणासुदीला तर सगळंच फिरतं. गोविंदा, गणपतीची मिरवणूक, नवरात्रातला गरबा या दिवसांत मोठा कॅमेरा दिसला की लोक स्वतः बोलावतात, “आमचा पण काढा!” माणूस नटून, दिसण्यासाठीच बाहेर पडलेला असतो तेव्हा मोठी काच त्याला मान देते. तोच माणूस सकाळी दुधाची पिशवी घेऊन, पायजम्यावर खाली आलेला असताना त्याच काचेपुढं अवघडतो. आणि जिथं कोणालाच थांबायला वेळ नसतो तिथं आकाराला काही किंमतच उरत नाही. रघु राय यांच्या १९९५ सालच्या चर्चगेट स्टेशनवरच्या प्रसिद्ध फोटोत धावणारी गर्दी धुरासारखी फिस्कटलेली आहे आणि वर्तमानपत्र वाचत उभे असलेले मोजके लोक तेवढे ठळक दिसतात. कॅमेऱ्याकडे कोण बघणार? सगळ्यांना लोकल गाठायची असते.

मग मोबाइल सगळ्यात सभ्य कॅमेरा ठरतो का? दहा-पंधरा वर्षांपूर्वी हो म्हणता आलं असतं. आता तसं राहिलेलं नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं, २०२० मध्ये रील्स आल्या आणि मोबाइलनं काढलेली कुठलीही गोष्ट तासाभरात लाखोंपर्यंत जाऊ शकते हे शाळकरी मुलालाही कळलं. मीरा रोडला हे वेगळं सांगायला नको. २०२५ च्या जुलैत भाषेच्या वादातून इथल्या एका दुकानदाराला झालेल्या मारहाणीची मोबाइल चित्रफीत देशभर फिरली आणि काही दिवस सगळा देश मीरा रोडबद्दल बोलत होता. अशा अनुभवानंतर मोबाइल नुसता उभा धरलेला दिसला तरी काहीजण आता सावध होतात. चॅनलचा माणूस निदान विचारता येतो. मोबाइलवाल्याचा फोटो कुठं जाईल याचा पत्ता लागत नाही.

लहान कॅमेऱ्याबद्दलची ही धास्ती नवी नाही. १८८० च्या दशकात कोटाच्या आत लपवायचे, पार्सलसारखे दिसणारे ‘डिटेक्टिव्ह’ कॅमेरे युरोप-अमेरिकेत विकले जाऊ लागले. त्या काळात झटपट निघणाऱ्या फोटोंमुळे माणसाचं खासगी आयुष्य उघडं पडतंय, अशी तक्रार करतच वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी १८९० साली खासगीपणाच्या हक्कावरचा आपला गाजलेला लेख लिहिला. पुढं वॉकर एव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो घेतले. फोटो अप्रतिम आहेत, पण ते पुस्तकरूपानं छापायला त्यांनी १९६६ पर्यंत वाट पाहिली. जपानमध्ये कॅमेऱ्याच्या मोबाइलला फोटो काढताना आवाज येईल अशीच सोय कंपन्यांनी ठेवली. कॅमेरा इतका लहान झाला की तो दिसत नाही, तर निदान ऐकू तरी यावा, हा त्यामागचा विचार.

भारतात रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. स्त्रीचे खासगी क्षणांतले फोटो चोरून काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे आणि त्यात पहिल्या वेळीही किमान १ वर्षाची कैद आहे. कायद्यात कॅमेऱ्याच्या आकाराचा उल्लेख कुठंही नाही.

शांती नगरासारख्या वस्तीत फोटो काढायचे असतील तर छोटा कॅमेरा किंवा छोटी लेन्स नक्की घ्यावी. वजन कमी, जवळ जाता येतं, चेहरा दिसतो, बोलता येतं. पण तो मुठीत लपवून, कमरेवरून, दुसरीकडे बघत फोटो काढण्यासाठी असेल तर त्यापेक्षा मोठा कॅमेरा उघडपणे गळ्यात घालून फिरणं शंभर पटींनी बरं. मोठ्या कॅमेऱ्यापुढं माणसाला निदान नाही म्हणता येतं. न दिसणाऱ्या कॅमेऱ्यापुढं त्याचा तेवढाही अधिकार जातो.

म्हणून या वस्तीत कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना एवढीच विनंती. पहिले काही दिवस नुसते फिरा, भाजी घ्या, चहा प्या, कोणी विचारलं तर कोणासाठी फोटो काढताय ते नीट सांगा. पथारीवाल्यांचे चेहरे आणि जागा ओळखू येतील असे फोटो त्यांना विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका. त्याचा फटका तुम्हाला बसत नाही, त्यांना बसू शकतो. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारा. काढलेला फोटो पडद्यावर दाखवा, जमलं तर त्याची एक प्रिंट काढून नेऊन द्या. आणि कोणी ‘नको’ म्हटलं, तर तो फोटो तिथंच, त्याच्या देखत, पुसून टाका.